किलाव्हनच्या फाटकावरची पाळी

फिन्टन ऑगस्टीन लॅव्हेल, वय वर्षे एकाहत्तर, राहणार लाँगफर्ड, हा निवृत्त टँकरचालक एप्रिल महिन्यातील एका संध्याकाळी आपल्या स्वयंपाकघरातील टेबलावर आयर्लंडचा नकाशा पसरून बसला होता, आणि त्याच्या मनात कसलीही भीती नव्हती. हे आधीच सांगून ठेवणे बरे. कारण पुढची हकीकत ऐकून पुष्कळांचा असा ग्रह होतो, की हा मनुष्य मुळातच भित्रा असावा. तसा तो नव्हता. उभा जन्म त्याने दूध-संघाचा टँकर चालविला होता. मध्य आयर्लंडातील एकही शेतरस्ता त्याला अनोळखी नव्हता, आणि रस्ता चुकणे ही गोष्ट केवळ इतरांच्या बाबतीत घडते, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

नकाशाच्या एका टोकावर चहाची तपकिरी किटली, दुसऱ्यावर मुरंब्याची बरणी आणि तिसऱ्यावर त्याचे कोपर होते. चौथे टोक सारखे वर वळत होते. त्याची बायको अट्रॅक्टा शेगडीजवळ बसून ते पाहत होती. तिचा सारा हिवाळा गॉलवेच्या रुग्णालयात गेला होता. आता डॉक्टर समाधानी होते, आणि तिच्या डोक्यावर बदकाच्या पिलाला असतात तसे मऊ, पांढुरके केस पुन्हा उगवू लागले होते. उपचार सुरू होण्यापूर्वी तिने आपली लांब वेणी स्वतःच्या हाताने कापून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली होती. कापलेले केस वाऱ्यावर टाकू नयेत, जगाच्या शेवटच्या दिवशी ते ज्याचे त्याला शोधत फिरावे लागते, असे तिच्या माहेरी मानीत. फिन्टनला हे हास्यास्पद वाटे. परंतु त्या वेळी तो हसला नव्हता.

रुग्णालयात त्याने तिला शब्द दिला होता. तू बरी झालीस, की आपण आपल्या गाडीतून आठवडाभर हिंडू. कोणाची घाई नाही, कोणाचे वेळापत्रक नाही. त्याप्रमाणे त्याने मार्ग आखला होता. लाँगफर्डहून नैर्ऋत्येकडे, क्लेअरच्या दगडाळ माळावरून समुद्राला भेटायचे, किनाऱ्याकिनाऱ्याने केरीपर्यंत उतरायचे, आणि परतताना आतल्या हिरव्या मुलखातून घरी यायचे. अट्रॅक्टाने एकच अट घातली होती.

"किलाव्हन नको."

"किलाव्हन वर मेयोत आहे, आपण चाललोय खाली," फिन्टन म्हणाला. "तिकडे जायचं म्हटलं तरी वाट वाकडी करावी लागेल."

"मी नुसतं सांगून ठेवलं."

किलाव्हन हे तिचे माहेर. एक उघडेबोडके टोक, त्यावर पडकी घरे आणि समुद्राच्या कडेला दफनभूमी. ओहोटी लागली की वाळूवरून गाडी जाते, भरती आली की गाव तुटते. लाटांनी दफनभूमीची एक बाजू पोखरली, तेव्हा सरकारने ती बंद केली. ज्यांच्या घराण्याची कबर तेथे आहे त्यांनाच काय ती मुभा राहिली. अशी घराणी बहुतेक परदेशी गेली होती किंवा निर्वंश झाली होती. अट्रॅक्टा तेवढी उरली होती.

त्या गावाची आणखी एक समजूत होती. दफनभूमीत सर्वांत शेवटी ज्याला पुरले, त्याला विसावा नसतो. पुढचा येईपर्यंत त्याने फाटकावर पहारा करायचा. पुढचा आला, की फाटक त्याच्या स्वाधीन करायचे आणि मगच आत जाऊन झोपायचे. म्हणून एकाच दिवशी दोन अंत्ययात्रा निघाल्या, तर तेथील भारदस्त माणसेसुद्धा शवपेटी खांद्यावर घेऊन अक्षरशः पळत सुटत. अट्रॅक्टाची थोरली बहीण कॉन्सेप्टा वारली, तेव्हा नेमके असेच झाले. तिची यात्रा वाळूच्या अलीकडे भरतीने अडविली, आणि पलीकडच्या वस्तीतील थेडी नावाचा म्हातारा आधी आत गेला. कॉन्सेप्टा शेवटची ठरली. तिच्यानंतर किलाव्हनमध्ये कोणालाही पुरले गेले नव्हते, आणि या गोष्टीलाही आता बरीच वर्षे लोटली होती.

फिन्टनने हे सगळे ऐकले होते. तो वाचणारा मनुष्य होता. अशा कल्पना दुष्काळाच्या काळात कशा रुजल्या, हे तो कोणालाही समजावून सांगू शकला असता.

पहिली चुटपुट त्याला लागली ती फेलिम न्हाव्याच्या खुर्चीत. सहलीची गोष्ट निघाली. फेलिमने कात्री थांबवून आरशातून त्याच्याकडे पाहिले, आणि किलाव्हनची वाळू ओलांडताना ब्रेक जपून लाव, असा सल्ला दिला. आपण तिकडे जाणारच नाही, असे फिन्टनने सांगितले. त्यावर फेलिम नुसता हसला.

"मग मघाशी कुणी सांगितलं मला? तूच की."

"मी क्लेअर म्हणालो."

"बरं बाबा, क्लेअर. वय झालं की जीभ एकीकडे जाते आणि माणूस दुसरीकडे. मान खाली घे."

आता, फेलिम हा लाँगफर्डच्या वेशीबाहेर फारसा न गेलेला मनुष्य. मेयोच्या टोकावरील चार घरांच्या गावाचे नाव त्याच्या तोंडी यावे कसे? फिन्टनला वाटले, अट्रॅक्टाच कोठे तरी बोलली असेल. परंतु दोनच दिवसांनी गाडी तपासायला गॅरेजमध्ये टाकली, तेव्हा बर्टी मलेडीने चाकांखाली डोके घालून आतूनच विचारले, की वाळूवरून जायचे आहे, तर चाकांतली हवा जरा कमी ठेवू का? कोणत्या वाळूवरून, असे फिन्टनने विचारले. बर्टी बाहेर आला आणि हात पुसत बराच वेळ आठवत राहिला. त्याला काही आठवेना. कोणी तरी म्हणाले होते खरे, एवढेच तो पुटपुटला.

त्या दिवसापासून फिन्टन बायकोवर नजर ठेवू लागला. ती दुकानात कोणाशी बोलते, प्रार्थनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर कोणाजवळ रेंगाळते, हे तो पाहू लागला. हिला माहेरी जायचे आहे, पण तसे कबूल करायचे नाही. म्हणून ही गावभर माणसे पेरून ठेवीत आहे, असा त्याचा तर्क होता. तर्क तसा वाईट नव्हता. त्यात खोट एवढीच होती, की अट्रॅक्टाही त्याच्यावर तशीच नजर ठेवून होती.

शेवटी क्लेअरहून फोन आला. पहिल्या मुक्कामासाठी त्याने मिसेस कॉन्सिडाइन यांच्या घरगुती खानावळीत खोली सांगून ठेवली होती. बाई बोलक्या होत्या. एक दिवस उशिरा येणार आहात, तर काही हरकत नाही, असे त्या म्हणाल्या. आम्ही वेळेवरच येणार आहोत, असे फिन्टनने ताठ स्वरात सांगितले.

"असं का?" त्या म्हणाल्या. "तुमच्या मेहुणीबाईंनी तर सकाळीच कळवलं. म्हणाल्या, ते दोघं आधी किलाव्हनला थांबणार. फार गोड बोलल्या हो. फोन उचलल्याबरोबर आधी म्हणाल्या, लाइनीवर थांबा हं, जोडून देते. आमच्या लहानपणी टपाल-कचेरीतल्या बाई म्हणायच्या ना, अगदी तस्सं."

फिन्टनने आभार मानून फोन ठेवला. कॉन्सेप्टाने सारा जन्म किलाव्हनच्या टपाल-कचेरीत टेलिफोनच्या तारा जोडण्यात घालविला होता, आणि दर नाताळात अट्रॅक्टा तिची हुबेहूब नक्कल करून सगळ्यांना हसवीत असे.

तो स्वयंपाकघरात आला. अट्रॅक्टा बटाटे सोलीत होती.

"कॉन्सिडाइनबाईंना फोन केलास?" त्याने विचारले.

"कोण कॉन्सिडाइनबाई?"

"तुला जायचं असेल तर सरळ सांग. मी नाही म्हणणार नाही. पण मेलेल्या बहिणीचा आवाज काढून लोकांना..."

तिने सुरी खाली ठेवली. क्षणभर तिचा चेहरा असा झाला, की फिन्टनला आपले शब्द परत घ्यावेसे वाटले.

"म्हणजे तू नाहीस तो," ती हळू म्हणाली. "मला वाटलं, तूच सगळ्यांना पढवून ठेवलंस. चर्चमधली प्रत्येक बाई मला विचारतेय, किलाव्हनला कधी निघालीस. मला वाटलं, तुला मला तिथली जागा दाखवून ठेवायचीय... म्हणजे पुढे सोपं जाईल."

तिने सुरी पुन्हा उचलली. बटाट्याची साल पाण्यात पडल्याचा आवाज तेवढा येत राहिला. फिन्टनने मनाशी ठरविले, की या सगळ्याला काही तरी साधे कारण असणार. आणि कारण कोणतेही असो, गाडीचे तोंड दक्षिणेकडेच राहील. अट्रॅक्टाला किलाव्हनच्या आसपासही फिरकू द्यायचे नाही. मरणाच्या दारातून परत आणलेली बायको कोणाच्या पाळीसाठी तो देणार नव्हता. असा विचार आपण शब्दांत मांडला, याची त्याला नंतर लाज वाटली.

मे महिन्याच्या एका स्वच्छ सकाळी ते निघाले. कुंपणांवर पांढरी फुले लगडली होती. आडरस्त्यावर समोरून गाडी आली, की फिन्टन स्टिअरिंगवरून तर्जनी उचली, आणि समोरचाही तर्जनी उचली. ओळख असो वा नसो, गावाकडच्या रस्त्यावर हा रामराम चुकवायचा नाही. अट्रॅक्टाने खिडकी थोडी उघडली होती. तिने उकडलेली अंडी आणि सोडा-ब्रेड बांधून घेतली होती. अथलोन मागे पडले, गॉर्ट मागे पडले, आणि क्लेअरचा करडा माळ दिसू लागला, तसे तिच्या गालांवर थोडे रक्त आले. फिन्टनला वाटले, आपण जिंकलो.

दुपारच्या सुमारास समुद्राकडून धुके आले. त्या भागात त्याचे कोणालाच नवल नसते. रस्ता अरुंद होता, दोन्ही बाजूंनी दगडी गडग्यांनी आवळलेला. एका वळणावर समोरून काळी शववाहिनी आली, आणि तिच्यामागे तीनचार गाड्या, सगळ्या चालत्या माणसाच्या वेगाने.

फिन्टनने गाडी गडग्याला लावली आणि छातीवर क्रूस काढला. शववाहिनी पुढे गेली. समोरच्या चालकांपैकी कोणीही तर्जनी उचलली नाही. परंतु अंत्ययात्रेत ते रीतीला धरूनच होते.

"वळव," अट्रॅक्टा म्हणाली.

त्याला कळले होते. वाटेत अंत्ययात्रा भेटली, की तिला पाठ दाखवून पुढे जायचे नाही; मागे फिरून निदान तीन पावले तिच्याबरोबर चालायचे, मग आपल्या वाटेला लागायचे. हे त्याची आई करी, त्याची आजी करी, आणि टँकरमध्ये दूध आंबत असतानासुद्धा त्याने स्वतः केले होते.

"रस्ता अरुंद आहे," तो म्हणाला.

"फिन्टन, आपण काय परदेशी पाहुणे आहोत? वळव गाडी. पुढच्या फाट्यापर्यंत तर जायचं."

शेताच्या फाटकाशी बेताचीच जागा होती. त्याने गाडी वळविली आणि शेवटच्या गाडीमागे लावली. पुढच्या फाट्याला बाहेर पडायचे, असे त्याने ठरविले होते. तेवढ्यात त्याचे लक्ष आरशाकडे गेले. आपल्या मागेही एक गाडी आहे, हे त्याला तेव्हा दिसले. ती कोठून आली हे त्याला समजले नाही, कारण मागे तर रस्ता रिकामा होता. धुक्यात चालकाचा चेहरा दिसत नव्हता. स्टिअरिंगवरची फक्त एक तर्जनी सावकाश वर उचलली गेली.

फाटा काही येईना. गडगे सलग चालले होते. फिन्टनने आरशात पुन्हा पाहिले. तर्जनी पुन्हा वर झाली. तो पाही तेव्हा ती वर होई, जणू त्याच्या पाहण्याचीच ती वाट पाहत होती. त्याने आरशात पाहणे सोडून दिले.

नंतर त्याच्या ध्यानात आले, की गडगे संपले आहेत. त्यांच्या जागी तारांचे कुंपण होते आणि त्यापलीकडे काळी, ओली, कापलेल्या पीटची, म्हणजे जळणासाठी वाळवतात त्या दलदलीच्या मातीची जमीन होती. क्लेअरच्या त्या माळावर पीट नाही. तेथे नुसता चुनखडीचा दगड आहे. हे टँकरचालकाला सांगावे लागत नाही. पीटचा धूर गाडीत येत होता, आणि त्याच्यामागून कुजलेल्या समुद्रगवताचा खारट, जड वास.

"अट्रॅक्टा," तो शक्य तितक्या सहज म्हणाला, "डबा उघड. एकेक अंडं खाऊन घेऊ."

 तिने खिडकी पूर्ण खाली केली होती.

"बेल्टनबाईंचं घर," ती म्हणाली. "छप्पर गेलं वाटतं..."

क्लेअरच्या त्या रस्त्यापासून किलाव्हनला जायला अर्धा दिवस लागतो. येथे तर चहाची वेळसुद्धा झाली नव्हती. रस्ता वाळूत उतरला. पुढची शववाहिनी धुक्यात शिरली, मग तिच्यामागच्या गाड्या एकेक करून शिरल्या. आणि फिन्टन वाळूवर आला तेव्हा त्याच्यापुढे वाळू सपाट, धुतलेली, चाकाची एकही रेघ नसलेली होती. त्याने धीर करून आरशात पाहिले. मागेही कोणी नव्हते. वळण्याइतकी जागा होती. परंतु ज्या वाटेने ते आले, तिच्यावर पाणी पसरू लागले होते. आता फक्त पुढे जाता येत होते.

दफनभूमीचे फाटक उघडे होते.

ते लोखंडी फाटक होते, पांढरा रंग सोललेले. त्याने इंजिन चालू ठेवले. वारा अजिबात नव्हता. तरीही फाटक किंचित हलत होते. कोणी तरी त्याच्या मधल्या आडव्या कांबीवर हात टेकून, थकून, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घ्यावा तसे. फिन्टनला तेथे काही दिसले नाही. त्याने मला कितीही वेळा सांगितले असले, तरी ही गोष्ट त्याने कधी बदलली नाही. त्याला काहीही दिसले नाही.

अट्रॅक्टाला दिसत होते.

"चांगला कोट घातलायस," ती खिडकीतून म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "हो... मला माहितेय, कॉन्सेप्टा. मी आजारी होते ना. कोण आणणार मला?... नाही, हा पुस्तकं वाचतो, त्याचा विश्वास नाही..."

ती दरवाजाची कडी चाचपू लागली. फिन्टनने तिचे मनगट धरले.

"तिला सांग, आज नाही," तो म्हणाला.

"ती दमलीय, फिन्टन."

"तिला सांग. तुझ्या बहिणीचं मला वाईट वाटतं. पण तू उतरणार नाहीस."

अट्रॅक्टा ऐकत राहिली. त्याचे नव्हे. मग तिने त्याच्याकडे पाहिले, आणि तिच्या डोळ्यांत कित्येक आठवड्यांनंतर थोडीशी थट्टा चमकली.

"ती म्हणतेय, लग्नाच्या वेळीच सांगितलं होतं, हा माणूस टँकरसारखा आहे, याला मागे घ्यायला गल्ली लागते." मग ती थट्टा विझली. "ती म्हणतेय, सगळं माणूसच लागतं असं नाही. माझ्यातलं काही आत गेलं तरी चालेल... माझ्या सामानात डबा आहे."

बिस्किटांचा डबा तिने सहलीला बरोबर घेतला होता, हे फिन्टनला ठाऊक नव्हते. तो का घेतला, हे त्याने तेव्हा विचारले नाही. नंतर तो प्रश्न त्याला फार छळणार होता.

त्याने तिला गाडीतच बसविले, किल्ली खिशात घातली, डबा आणि चाक बदलायची लोखंडी कांब घेतली, आणि तो फाटकातून आत गेला. जाताना त्याला बाजूला सरकावे लागले. का ते सांगता येणार नाही. माणूस उभा असेल तर आपण जसे सरकतो, तसा तो सरकला. तेथे लव्हेंडरच्या साबणाचा वास होता. तिच्या आईवडिलांचा दगड समुद्राकडच्या कडेला होता. फिन्टनने कांबीने हिरवळ उचकटली, हातांनी माती उपसली, आणि ती वेणी, करड्या रंगाची, अजूनही तिच्या गाठीत बांधलेली, आत ठेवली. त्याने प्रार्थना म्हटली. आपण मूर्खपणा करीत आहोत, असे त्याला वाटत होते. आणि तरीही प्रार्थनेतला एकही शब्द गाळण्याची त्याची छाती झाली नाही.

माती लोटली, तेव्हा त्याच्या जवळून कोणी तरी गेले. वाळूच्या बारीक खड्यांवर बाईच्या टाचांचा आवाज, शांत, सावकाश. दिवसभराचे काम आटोपून घरी जाणाऱ्या माणसाचा. तो आवाज दगडांमधून पुढे गेला आणि थांबला.

फिन्टन वळला. गाडीचा दरवाजा उघडा होता. अट्रॅक्टा फाटकाशी उभी होती. तिचा एक हात मधल्या आडव्या कांबीवर टेकला होता, आणि ती रस्त्याकडे पाहत होती.

त्याने तिला जवळजवळ उचलूनच गाडीत घातले. भरतीचे पाणी चाकांना लागत होते, तरी गाडी पलीकडे निघाली. परतीच्या वाटेने मात्र मेयोपासून लाँगफर्डपर्यंत जितका वेळ लागायचा तितकाच घेतला. प्रत्येक गाव आपल्या जागी आले, आणि प्रत्येक समोरच्या चालकाने तर्जनी उचलली. सहल तेथेच संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी मिसेस कॉन्सिडाइन यांचा फोन आला. तुम्ही येणार नाही हे मेहुणीबाईंनी कळविले, काही काळजी करू नका, असे त्या म्हणाल्या. आवाजावरून बाईंची झोप छान झालेली दिसत होती, असेही त्यांनी सांगितले.

अट्रॅक्टाची प्रकृती तेव्हापासून उत्तम आहे. डॉक्टरांना तिचे नवल वाटते. जेवण चवीने खाते, सगळ्यांची थट्टा करते, फेलिम न्हाव्याच्या बायकोला तिने पत्त्यांत दोनदा हरविले. फक्त दिवस मावळताना ती पश्चिमेकडच्या खिडकीपाशी, टेकायला पाठ नसलेल्या लाकडी स्टुलावर जाऊन बसते, आणि कोणी बोलले तर पहिल्या हाकेला तिला ऐकू जात नाही. सकाळी तिच्या सपाता ओल्या असतात. समुद्र त्या घरापासून फार दूर आहे. फिन्टन त्या शेगडीजवळ वाळत ठेवतो, आणि वाळल्यावर त्यांतली वाळू झाडून टाकतो. याविषयी दोघे बोलत नाहीत.

एकदाच बोलले. संध्याकाळ होती. ती खिडकीत होती. त्याने विचारले, तिथे पुढे कोणी यायचे आहे का?

"कुठून येणार?" ती म्हणाली. "ज्यांची कबर तिथे आहे त्यांनाच मुभा. त्यांतलं कोण उरलंय?" मग थोड्या वेळाने, अगदी मायेने, "नवऱ्यालाही मुभा असते म्हणतात."

फिन्टनच्या पाच पिढ्या लाँगफर्डला पुरलेल्या आहेत. त्याची जागाही तेथेच राखलेली होती. दुसऱ्या दिवशी तो धर्मगुरूंकडे गेला आणि आपली जागा किलाव्हनला बदलून घेतली. हे त्याने स्वखुशीने केले. अंथरुणावर पडलेल्या बायकोजवळ हिवाळाभर बसलेल्या माणसाला दुसरे काही सुचलेही नसते. तिला सांगितले तेव्हा तिने त्याचा हात धरला, बराच वेळ धरून ठेवला, आणि तिचा हात समुद्रातून काढल्यासारखा थंड होता.

या हिवाळ्यात तिने एक नवी गोष्ट सुरू केली. जन्मात कधी स्टिअरिंगला हात न लावलेली अट्रॅक्टा गाडी शिकू लागली. बर्टी मलेडीच तिला शिकवितो. या वयात हे कशाला, असे फिन्टनने विचारले. तेव्हा ती टेबलावर नकाशा पसरीत होती. एका टोकावर किटली, दुसऱ्यावर मुरंब्याची बरणी, तिसऱ्यावर तिचे कोपर. आणि चौथे टोक या वेळी वर वळत नव्हते, जणू ते कोणी दाबून धरले होते.

"मे महिन्यात जाऊ या की राहिलेल्या सहलीला," ती म्हणाली. "जाताना तू चालव. परत येताना कोणाला तरी चालवावी लागेल ना."

बर्टी सांगतो, की बाई हुशार आहेत, गियर लवकर जमले, फक्त एक खोड जात नाही. रस्त्यावर समोरून काहीच येत नसताना त्या मधूनच तर्जनी उचलतात, आणि किंचित हसतात.

त्या दिवसानंतर बदलले ते एवढेच. लॅव्हेलांच्या घरी पूर्वी सहली फिन्टन आखीत असे. आता त्या अट्रॅक्टा आखते.